आधी पत्रा, मग पॅनेल

‘प्रत्येक जिल्हा परिषद शाळेवर सौर पॅनेल बसवा’ हे पत्र वाचले. हेतू चांगला, पण सुरुवात उलट्या टोकाने. मी मराठवाड्यात तीस वर्षे पत्र्याच्या वर्गात शिकवले. मार्चमध्ये दुपारी दोननंतर पत्रा असा तापे की मुले दप्तरे उचलून व्हरांड्यात सरकत. फळा आत, वर्ग बाहेर. अशा खोलीत सौर विजेवर पंखा लावला तरी तो गरम हवाच फिरवणार. पत्र्याला पांढरा परावर्तक रंग आणि समोरासमोर खिडक्या, हे काम आधी. तेलंगणाने २०२३ मध्ये थंड छतांचे धोरण आणून सरकारी इमारतींना ते बंधनकारक केले. पंख्यांचेही तेच, आधी ते बदला. जुना सुमारे ७५ वॅट खातो, ब्रशविरहित मोटरचा (बीएलडीसी) ३०च्या आसपास. तेवढ्याच पॅनेलवर दुप्पट पंखे फिरतील.

आणि हो, पॅनेल पुसणार कोण? आमच्याकडे ते धुळीने मातकट झाले, बॅटरी बसली. दुरुस्तीचा पैसा कोणत्या लेखाशीर्षातून, हे ठरेपर्यंत दोन उन्हाळे गेले. जिल्हा परिषदांनी देखभालीची तरतूद आधी अंदाजपत्रकात दाखवावी, मगच निविदा काढावी.

– एक निवृत्त मुख्याध्यापक