रात्रीच्या हवेचा हिशेब

सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली रामलीला मैदान प्रकरणाच्या निकालात झोपेचा अधिकार घटनेच्या अनुच्छेद २१ मधील जीविताच्या अधिकाराशी जोडला. तत्पूर्वी, ध्वनिप्रदूषणविषयक २००० सालच्या नियमांनी रात्री दहा ते सकाळी सहा हा काळ वेगळा मानून निवासी भागासाठी ४५ डेसिबलची मर्यादा घातली होती. म्हणजे कानावाटे होणारी झोपमोड कायद्याला समजते. नाकावाटे होणारी मात्र अद्याप समजलेली नाही.

वस्तुतः हा संबंध शास्त्राला अपरिचित नाही. अडीच मायक्रॉनहून सूक्ष्म असे धूलिकण श्वासमार्गात दाह निर्माण करतात. नाक चोंदते, तोंडाने श्वास घ्यावा लागतो आणि झोप वरचेवर मोडते. अमेरिकेतील सहा शहरांतील एका पाहणीचे निष्कर्ष २०१९ साली प्रसिद्ध झाले. जेथे सूक्ष्म कणांचे प्रमाण अधिक, तेथे झोपेत श्वास अडखळण्याचा विकारही अधिक, असे त्यात आढळले. सहसंबंध म्हणजे कार्यकारणभाव नव्हे, हे खरे. पण अंतिम पुरावा हाती येईपर्यंत स्वस्थ बसणे हेही धोरण नव्हे.

हिवाळ्यात सूर्यास्तानंतर जमीन लवकर थंड होते, वरचा उबदार थर झाकणासारखा बसतो आणि धूर जमिनीलगत कोंडतो. नेमक्या याच वेळी, दिवसा बंदी असलेल्या अवजड मालमोटारी दिल्लीसारख्या शहरात शिरतात. दिवसाची कोंडी टळते. तिची किंमत झोपलेल्यांच्या खात्यावर पडते. ज्याला खिडक्या बंद करून हवा शुद्ध करणारे यंत्र लावणे परवडते, तो ती पैशाने चुकवतो. एका खोलीत चौघे झोपणाऱ्यांपुढे मात्र खिडकी उघडून धूर घ्यावा की लावून घेऊन घुसमटावे, एवढाच पर्याय उरतो. मुंबईत माहुलला तेलशुद्धीकरण कारखान्यांशेजारी वसवल्या गेलेल्या विस्थापितांना तर एवढीही निवड नव्हती.

अर्थशास्त्रज्ञ पिगू यांनी १९२० सालच्या ग्रंथात शहरांतील धुराचा खर्च समाजावर कसा लादला जातो हे दाखवताना कपड्यांची धुलाई आणि जादा दिवाबत्ती यांचा हिशेब मांडला होता. त्या यादीत आज झोप घालावयास हवी. ती बाजारात विकत मिळत नाही, म्हणून ती फुकट ठरत नाही.

उपाय अशक्य नाहीत. हवेच्या गुणवत्तेचा निर्देशांक धूलिकणांच्या बाबतीत चोवीस तासांच्या सरासरीवर बेततात. त्या सरासरीत रात्र हरवते. रात्री दहा ते सहाचे आकडे स्वतंत्रपणे जाहीर करावेत. मालवाहतूक थांबवली तर महागाई वाढेल, हा आक्षेप रास्त आहे. परंतु रात्रीचा प्रवेश प्रथम कमी धूर सोडणाऱ्या वाहनांना देणे आणि इतरांकडून जादा आकार घेणे म्हणजे वाहतूक थांबवणे नव्हे. स्वच्छ हवेचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१९ साली सुरू झाला. त्यातील निधीचा काही भाग रात्रीच्या तपासणीसाठी राखून ठेवता येईल.

वर्गात पेंगणारा विद्यार्थी आळशी ठरतो, खतावणीत चुकणारा कारकून निष्काळजी ठरतो. त्यांच्या खिडकीबाहेरच्या रात्रीची चौकशी कोणीही करीत नाही. ती आता व्हावयास हवी.