त्या मेळाव्याच्या स्टेजवर मी बसणार नाही

मंडळी, पोस्ट मोठी आहे. पण ज्यांच्या घरात यंदा नीट दिलेलं पोरगं-पोरगी आहे त्यांनी तरी शेवटपर्यंत वाचा.

परवाच्या रविवारी मी घरी आले होते. सकाळी दोन माणसं आली. एक पप्पांच्या उठबशीतले काका, दुसरे 'परदेशात एमबीबीएस'वाले. आपल्याकडे मोफत मार्गदर्शन मेळावा आहे म्हणे, त्यात माझा सत्कार करायचाय. शाल, श्रीफळ, फ्लेक्सवर फोटो. "ताई, तुम्ही फक्त दोन शब्द बोला. कुरुंदवाडची पोरगी परदेशात शिकून डॉक्टर झाली, एवढंच. पोरांना जरा हुरूप येतोय."

मी नको म्हटलं. ते चहा घेऊन गेले. जाताना काका पप्पांना म्हणाले, "पोरीला लई गर्व चढलाय."

गर्व नाही काका, हिशेब आहे. स्टेजवर तो कोणी सांगू दिला नसता, म्हणून इथे मांडते.

२०१७ साली मी नीट दिली. सरकारी सीट लागली नाही, खाजगीची फी ऐकून पप्पा दोन दिवस बोलले नाहीत. मग किर्गिझस्तानचं पॅकेज आलं. फी, हॉस्टेल, मेस, व्हिसा, सगळं त्यात. सातबाऱ्यावर बोजा चढला, उरलेलं पतसंस्थेतून. सहा वर्षांत विमानाच्या तिकिटांसकट चोवीस लाख गेले. २०२३ ला डिग्री घेऊन आले तेव्हा गावात माझा फ्लेक्स लागला, 'डॉक्टर' म्हणून. मी तेव्हा डॉक्टर नव्हते. कायद्याने आजही पूर्ण डॉक्टर नाही.

कारण परदेशातून शिकून आलेल्याला इथे आधी एफएमजीई नावाची परीक्षा पास व्हावी लागते. २००२ पासून ती आहे. वर्षातून दोनदा होते. पास झालं की तात्पुरती नोंदणी, मग वर्षभर इंटर्नशिप, मग पक्की नोंदणी. मी पहिल्यांदा बसले, १२८ मार्क. दुसऱ्यांदा १४७. पासिंगला १५० लागतात. तीन मार्कांसाठी पुण्यात एका खोलीत चौघी राहून आणखी सहा महिने काढले, क्लासची फी वेगळी. जून २०२४ च्या परीक्षेत पास झाले. त्यानंतर इंटर्नशिप हातात पडायला सात महिने गेले. आता ती चालू आहे. वय २६. पप्पांचं ऊसबिल अजून पतसंस्थेत वळतं होतंय.

हे रडगाणं म्हणून सांगत नाही. मी तर नशीबवान. जून २०२५ च्या परीक्षेचा निकाल बघा. देशभरातून ३६,०३४ जण बसले, ६,७०७ पास झाले. शंभरात १९ सुद्धा नाहीत. त्याआधीच्या खेपेला २९ च्या आसपास होते, तेव्हा 'निकाल वाढला' म्हणून लोक खूश झाले! नापासांत दुसऱ्या-तिसऱ्यांदा बसणारे असतात, मीही त्यातलीच होते, त्यामुळे शेवटी पास होणारे याहून जास्त असणार हे मान्य. पण प्रत्येक खेपेला सहा महिने आणि घरचे पैसे जातात, हेही मांडा. मेळाव्यात फोटो पास झालेल्याचा लागतो. बाकीच्या ऐंशी जणांना कोण शाल देतंय?

आता म्हणाल, परीक्षाच मुद्दाम अवघड काढतात. मीही दोनदा नापास झाल्यावर हेच म्हणायचे. पण खरं सांगते. ३०० प्रश्न, प्रत्येकी एक मार्क, चार पर्याय, चुकीच्या उत्तराला मार्क कापत नाहीत. ज्याला काहीच येत नाही तो डोळे झाकून टिकल्या मारत गेला तरी सरासरी ७५ मिळतात. ज्याला शंभर प्रश्न पक्के येतात त्याने उरलेल्या दोनशेंवर नुसता अंदाज मारला तरी ५० पडतात. झाले दीडशे. म्हणजे तिसरा हिस्सा पक्का आला तरी माणूस काठावर पोहोचतो. यापेक्षा सोपी चाळण लावली तर उद्या तुमच्या आईला सलाईन लावायला येणाऱ्या माणसावर तुम्ही भरवसा ठेवाल का? मी ठेवणार नाही. परीक्षा पाहिजेच.

मग इतके नापास का होतात? पोरं ढ आहेत म्हणून नाही. सहा वर्षं पैसे घेऊन त्यांना शिकवलंच जात नाही म्हणून. माझ्या कॉलेजचं नाव लिहीत नाही, ते एकटंच तसं नव्हतं. पुस्तक इंग्रजी, पेशंट रशियन नाहीतर किर्गिझ बोलणारा. पंधरा-वीस जण एका कॉटभोवती उभे. पेशंटशी आमचं बोलणं म्हणजे नमस्कार आणि 'कुठं दुखतंय' एवढंच. दिवसा हजेरी लावायची आणि रात्री मोबाईलवर भारतातल्या मास्तरांची व्हिडिओ लेक्चरं बघायची. म्हणजे कॉलेजची फीही आपली आणि ॲपची फीही आपली.

२०१९ चा महापूर आठवा. पंचगंगा आणि कृष्णा दोन्ही गावात शिरल्या होत्या. मी सुट्टीला आले होते, मेडिकलची दोन वर्षं झालेली. छावणीत गेले तर बायका म्हणाल्या, "आमची डॉक्टरीण आली." पायाला जखमा झालेले, पुराच्या पाण्यातून चालत आलेले लोक रांगेत. आशाताई डॉक्टरांच्या सांगण्यावरून गोळ्या वाटत होत्या. मी विचारलं, "ही कशाची?" त्या म्हणाल्या, "डॉक्सी. लेप्टो हुतोय न्हवं का, त्याची." मला माहीत नव्हतं. दोन वर्षं म्हणजे सुरुवातच, हे खरं. पण पुढच्या चार वर्षांतही मला तिथं कोणी लेप्टोचा पेशंट दाखवला नाही. साप चावलेला दाखवला नाही. कुष्ठरोग दाखवला नाही. आणि एफएमजीईत सामाजिक आरोग्याचे ३० मार्क असतात: आपलं लसीकरण, आपला क्षयरोग कार्यक्रम, आपल्या आशा, आपली उपकेंद्रं. ते तिथे कोण शिकवणार? ते मी परत आल्यावर शिकले.

आता एजंट लोकांची मुख्य युक्ती सांगते. मेळाव्यात पहिलं वाक्य असतं, "तुमचा मुलगा नीट क्वालिफाय आहे, म्हणजे सरकारनेच सांगितलंय की तो डॉक्टर होऊ शकतो." क्वालिफाय म्हणजे काय? खुल्या गटाला पन्नासावा पर्सेंटाइल. साध्या भाषेत, बसलेल्यांच्या वरच्या अर्ध्यात. २०२५ मध्ये ती रेषा ७२० पैकी १४४ ला आली. शंभरात वीस! त्या वर्षी बारा लाखांवर पोरं क्वालिफाय झाली आणि देशात एमबीबीएसच्या सीट सव्वा लाखाच्या आसपास होत्या. उरलेली अकरा लाख घरं हे या धंद्याचं गिऱ्हाईक. १४४ मार्कांच्या पोराला कोणी तोंडावर सांगत नाही की बाबा, तुझं फिजिक्स-बायो कच्चं आहे, परदेशात जाऊन ते पक्कं होणार नाही. उलट सांगतात, तिथं प्रवेश परीक्षाच नाही. अहो, चाळण असतेच. इथे ती आधी लागते, तिथे जाणाऱ्याला सहा वर्षं आणि वीस-पंचवीस लाख घालवल्यावर लागते. एवढाच फरक.

'परदेशी डिग्री म्हणजे बोगस' म्हणणाऱ्यांनीही लगेच टाळ्या वाजवू नयेत. आपल्या कोल्हापूरलाच परदेशी डिग्रीचं वावडं नव्हतं. आनंदीबाई जोशी १८८६ ला अमेरिकेतून डॉक्टर झाल्या, तेव्हा कोल्हापूर संस्थानाने अल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलच्या, म्हणजे आजच्या सीपीआरच्या, बायकांच्या वॉर्डासाठी त्यांची नेमणूक केली. काम हाती घेण्याआधीच फेब्रुवारी १८८७ मध्ये त्या गेल्या. मिरजेत ज्यांच्या नावाचं हॉस्पिटल आहे ते डॉ. वानलेस मूळचे कॅनडाचे. शिक्षण कुठल्या देशात झालं हा दोष नसतोच. शिक्षण झालं का, एवढंच विचारायचं असतं.

आणि हाच प्रश्न इथल्यांनाही विचारा की. याच १४४ मार्कांवर ज्याचा बाप कोटभर रुपये मोजू शकतो, त्याला देशातच मॅनेजमेंट सीट मिळू शकते. त्याला शेवटी अशी परीक्षा नाही. कॉलेजची परीक्षा कॉलेजातच पास, इंटर्नशिप केली, झाला डॉक्टर. २०१९ च्या कायद्यात सगळ्यांना एकच 'नेक्स्ट' परीक्षा लिहिलेली आहे, इथल्यालाही आणि बाहेरच्यालाही. तीन वर्षांत सुरू करायची होती. ती मुदत उलटून गेली. २०२३ मध्ये ती पुढे ढकलली, ती ढकललेलीच आहे. पेशंटला डॉक्टर कुठून शिकला हे कळत नाही, मग चाळणी दोन कशाला? सगळ्यांना एकच लावा, मी चौथ्यांदा बसायला तयार आहे.

आणि जी परीक्षा घेताय ती उघड्यावर घ्या. एफएमजीईची प्रश्नपत्रिका बाहेर देत नाहीत, उत्तरतालिका देत नाहीत, फेरतपासणी नाही. १४७ वाल्याला आपलं काय चुकलं हे कधीच कळत नाही. दहावीच्या पोराला उत्तरपत्रिकेची झेरॉक्स मागता येते, आणि आम्हाला नाही?

या अंधाराचा फायदा कोणाला होतो तेही बघा. डिसेंबर २०२२ मध्ये सीबीआयने ७३ जणांवर गुन्हा दाखल केला. आरोप असा, की ही परीक्षा पास न होताच त्यांनी राज्यांच्या कौन्सिलांकडून नोंदणी मिळवली. कर्जात बुडालेला, तीन-चारदा नापास झालेला आणि गावात 'डॉक्टर' म्हणून फ्लेक्स लागलेला पोरगा त्या वाटेला का जातो, हे मला समजतं. समजतं म्हणून माफ करत नाही. पण तो फ्लेक्स आपणच लावला होता, हे विसरू नका.

शेवटचा सवाल मला नेहमी विचारतात: "तू झालीस ना? मग दुसऱ्याची पोरं का अडवतेस? गरिबाच्या पोरानं डॉक्टर होऊच नये काय?" व्हावं. जरूर व्हावं. पण गरिबाचं पोरगं नापास झालं तर जमीन जाते, श्रीमंताचं नापास झालं तर एक वर्ष जातं. म्हणून गरिबाला खरं जास्त सांगावं लागतं, कमी नाही. मी पास झाले हे माझ्या पप्पांच्या दमाने आणि शेवटच्या वर्षातल्या खोलीतल्या अभ्यासाने. त्याचं श्रेय त्या पॅकेजला देऊन पुढचं गिऱ्हाईक ओढायला मी फोटो देणार नाही.

मेळाव्याला जाणार असाल तर जा. पण उभे राहून एवढं विचारा. या कॉलेजची किती पोरं एफएमजीईला बसली आणि किती पास झाली? परीक्षा घेणाऱ्या बोर्डाने देशवार, कॉलेजवार आकडे याआधी प्रसिद्ध केलेले आहेत, 'माहीत नाही' हे उत्तर घेऊ नका. नोव्हेंबर २०२१ च्या नियमाप्रमाणे कोर्स किमान ५४ महिन्यांचा, इंग्रजीतून, आणि त्याच संस्थेत वर्षभराची इंटर्नशिप आहे का? त्या डिग्रीवर त्या देशात स्वतःला प्रॅक्टिसचा परवाना मिळतो का? प्रवेशापासून दहा वर्षांत सगळं उरकलं पाहिजे, हे पोराला सांगितलंय का? आणि पोरगं अडकलं, नाहीतर मे २०२४ मध्ये बिश्केकमध्ये परदेशी विद्यार्थ्यांवर जमाव चालून गेला तसं काही झालं, तर फोन कोण उचलणार? उत्तरं लेटरहेडवर, सही-शिक्क्यासह मागा. तोंडी नको.

आणि स्टेजवर बसणाऱ्या आमच्या नेतेमंडळींना, सरांना, पत्रकार मित्रांना हात जोडून विनंती. तुम्ही नारळ फोडायला जाता, पण समोर बसलेला शेतकरी तुमचं तोंड बघून सही करतो. तुमच्या नावावर त्याचा सातबारा गहाण पडतो. निदान तेवढं पॅम्प्लेट तरी वाचून जा.

ज्यांना कॉलेजचं नाव तपासायचंय त्यांनी कागद घेऊन घरी या. ड्युटी नसेल त्या रविवारी मी असते. फी नाही, शाल नको. पोराची नीटची मार्कशीट मात्र आणा. आणि त्यालाही सोबत आणा, बोलायचं त्याच्याशीच आहे.