गोलकीपरची पाठ



यावेळची गोष्ट फुटबॉलची आहे. पण आजी-आजोबांनो, तुम्ही पान उलटू नका. ज्यांची कंबर दुखते, गुडघे दुखतात, त्यांच्यासाठीही ती आहे.

लिव्हरपूल क्लबचं नाव आपल्या मुलांना सांगायला नको. दिमोनाचा योसी बेनायून 2007 ते 2010 तिथे खेळला. त्याच्या आधी त्या क्लबात एक उंचापुरा गोलकीपर होता, ख्रिस कर्कलंड. जन्म 1981 चा, इंग्लंडमधल्या लेस्टरशायरचा. तो लहान असतानाच त्याच्या वडिलांनी आणि त्यांच्या मित्रांनी पैज लावली होती, की आमचा पोरगा तिशीच्या आत इंग्लंडकडून खेळणार. भाव मिळाला एकास शंभर. म्हणजे दुकानदाराला ते अशक्यच वाटलं असणार!

ख्रिस आधी कोव्हेंट्रीकडून खेळला. ऑगस्ट 2001 मध्ये लिव्हरपूलने त्याला 60 लाख पौंड देऊन घेतलं. वय अवघं वीस. ब्रिटिश गोलकीपरसाठी तोवर कोणी एवढी किंमत दिली नव्हती. पण त्याच दिवशी क्लबाने पोलंडचा येर्झी दुदेक हाही गोलकीपर घेतला. गोल एकच, उभे राहणारे दोघे.

मुलांनो, गोलकीपरचं काम सोपं दिसतं, पण तसं नाही. बाकीचे पडू नये म्हणून जपतात, हा मात्र मुद्दाम झेप घेतो आणि खांद्यावर, कुशीवर आपटतो. नजर चेंडूवर असते, त्यामुळे अंगावर येणारा माणूस दिसत नाही. बोटांवर जोराचा फटका बसतो. आणि तो दुखावला की दुसरा त्याच्या जागी उभा राहतो, तो चांगला खेळला की जागा गेलीच.

ख्रिसचं तसंच झालं. 2002 च्या अखेरीस दुदेकच्या चुका झाल्या आणि याला संधी मिळाली. 2003 च्या सुरुवातीला क्रिस्टल पॅलेसविरुद्ध टक्कर होऊन गुडघा गेला. पुढे हाताची दुखापत, मग पाठ. डिसेंबर 2004 मध्ये ऑलिंपियाकोसला हरवून लिव्हरपूल चॅम्पियन्स लीगमध्ये पुढे गेलं, तेव्हा गोलमध्ये ख्रिसच होता. पण मे 2005 मध्ये इस्तंबूलला तो प्रसिद्ध अंतिम सामना झाला, 0-3 ने मागे पडून लिव्हरपूल जिंकलं, तेव्हा पेनल्टी अडवणारा होता दुदेक.

तरी वडिलांची पैज खरी ठरली. 16 ऑगस्ट 2006 रोजी ग्रीसविरुद्ध इंग्लंडने त्याला दुसऱ्या डावात उतरवलं. इंग्लंड 4-0 ने जिंकलं आणि पैज लावणाऱ्यांना मिळून जवळपास दहा हजार पौंड मिळाले. देशासाठीचा त्याचा तो पहिला सामना, आणि शेवटचाही.

पुढे तो विगनला बरीच वर्षं खेळला, पण पाठ काही सोडेना. 2012 मध्ये शेफील्ड वेन्सडे क्लबात गेला. नवा क्लब, नवे लोक. “याचं नेहमीचंच दुखणं” असं कोणी म्हणू नये म्हणून त्याने ट्रामाडोल नावाच्या वेदनाशामक गोळ्या घ्यायला सुरुवात केली. हे औषध अफूच्या जातीतलं. पाठीसाठी घेतलेली गोळी मनालाही बरं वाटायला लावते, आणि तिथेच माणूस अडकतो. दिवसाला जास्तीत जास्त 400 मिलिग्रॅम घ्यायचं औषध तो 2500 पर्यंत घेऊ लागला. हे त्याने स्वतः सांगितलं आहे. मन खचलं, जीव नकोसा झाला. 2016 मध्ये त्याने खेळ सोडला. शेवटी घरच्यांपाशी बोलला, उपचार घेतले, मध्ये पाय घसरला तरी पुन्हा उभा राहिला. आता तो इतरांना या गोळ्यांबद्दल सावध करतो.

मंडळी, एवढा धिप्पाड माणूस, हजारो लोकांसमोर चेंडू अडवणारा. पण “मला दुखतंय” हे दोन शब्द सांगायला तो घाबरला. आपल्याकडेही तेच नाही का? “कशाला मुलांना त्रास?” म्हणून दुखणं लपवायचं, आणि शेजारणीच्या डबीतली गोळी घ्यायची. असं करू नका. तिचं औषध तिच्या शरीरासाठी दिलेलं आहे. जोराची गोळी बरेच दिवस चालू असेल तर कुपात होलिमच्या डॉक्टरांना सगळं खरं सांगा. आणि ती मनाने एकदम बंदही करू नका, त्यानेही त्रास होतो. डॉक्टर हळूहळू कमी करतील.

मुलांनो, खेळताना लागलं तर कोचला लगेच सांगा. जागा जाईल ही भीती नको. आणि आजोबा गप्प गप्प बसले असतील तर जवळ जाऊन विचारा, “आजोबा, दुखतंय का?”

सिनेगॉगमध्ये आजाऱ्यासाठी मी शेबेराख म्हणतात, त्यात शरीराबरोबर आत्म्यालाही बरं कर अशी मागणी असते. ती दोन्ही सोबत का मागायची, हे ख्रिसच्या गोष्टीवरून कळतं.

सर्व आजारी मंडळींना रफुआ शलेमा!