जाजम की सतरंजी?

पर्युषण आटोपले, प्रवचनमंडप उतरला आणि एका मंडप-व्यावसायिकाच्या गोदामात माल परत आला. वहीत ‘मोठी जाजमे 24’ अशी जावक नोंद होती. आवक भरली 21. तीन नगांची भरपाई जुन्या हमालाच्या मजुरीतून कापली गेली. तो काही बोलला नाही.

दिवाळीच्या वहीपूजनापूर्वी गोदाम आवरताना शेटजींच्या सूनबाईंना सतरंज्यांच्या थप्पीत तीन नग अधिक आढळले. मंडपातून उचलताना एकाने ज्यांना जाजम म्हटले, त्यांनाच उतरवताना दुसऱ्याने सतरंजी म्हटले होते. शेटजींनी हमालाला बोलावून पैसे परत केले आणि हात जोडले. “भाऊ, चूक वहीची होती, तुमची नव्हती. मिच्छामि दुक्कडम्.” क्षमापनेचा दिवस होऊन गेल्यावर घडलेल्या या अन्यायाचे शल्य मात्र त्यांच्या मनातून गेले नाही.

त्यानंतर गोदामाची पद्धत बदलली. प्रत्येक वस्तूला एकच नाव ठरले आणि नावाचा क्रमही ठरला: आधी जात, मग रंग, मग माप. ‘कनात, पांढरी, 15 फूट’. ‘मोठी’, ‘जुनी’, ‘चांगली’ हे शब्द वहीतून गेले. कारण एकाचे मोठे ते दुसऱ्याचे मध्यम असते. ‘अमक्यांच्या लग्नातली झालर’ अशी नावेही गेली, कारण ती लग्न पाहिलेल्यालाच कळतात. नग, जोडी की संच, हे प्रत्येक नोंदीत येऊ लागले. पिंप आणि त्याचे झाकण वेगळे मोजले जाऊ लागले. हरवते ते बहुधा झाकणच.

कापडाच्या कोपऱ्यावर आणि भांड्याच्या बुडाशी तेच नाव व क्रमांक आले, हमालांना वाचता येईल अशा ठळक मराठीत. बाद झालेल्या वस्तूचा क्रमांक नव्या वस्तूला देणे थांबले. फाटलेला माल ‘दुरुस्ती’च्या स्वतंत्र पानावर गेला, म्हणजे तो शिल्लक समजून कोणाला कबूल होत नाही. परतीची मोजणी गोदामात नव्हे, तर मंडपाच्या जागीच, यजमानांच्या माणसासमोर होऊ लागली.

ओल्या मालासाठीही एक खूण ठरली. पावसात भिजलेली ताडपत्री वा कनात वाळवल्याविना घडी करून ठेवली, तर तिच्यावर बुरशी धरते. त्यात मालाची हानी आहे आणि जीवहिंसाही. म्हणून ‘वाळवणे बाकी’ अशी चिठ्ठी असलेला नग थप्पीवर चढत नाही.

साधूंच्या पाच समितींमध्ये चौथी आदान-निक्षेपण समिती: वस्तू उचलताना आणि ठेवताना नीट पाहून, जपून, जीवाला इजा न होईल असे वागणे. गृहस्थाला ती साधूंइतकी पाळता येत नाही. परंतु ज्याचा सारा व्यवसायच देण्या-घेण्याचा, उचलण्या-ठेवण्याचा आहे, त्याच्याइतकी तिची आठवण ठेवण्याची संधी कोणाला?

वहीतील नाव सैल असले की तोट्याचा भार बहुधा त्याच्यावर पडतो, ज्याला वही वाचून दाखवली जात नाही. आता त्या गोदामातून गाडी निघण्यापूर्वी यादी मोठ्याने वाचली जाते आणि प्रत्येक नगाला ‘आहे’ असे उत्तर येते. उत्तर देणारा तोच जुना हमाल असतो.