यंत्र आधीं कीं दाणा आधीं ?

ज्या घरांत गोडा मसाला अजून स्वतः भाजून कांडला जातो, निदान तो कोणाकडून आणावा व कोणाकडून आणूं नये याविषयीं ठाम मतें असतात, त्याच घरांत कॉफीची गोष्ट निघाली कीं सर्व शहाणपण एकाएकीं लोपून जावें, हें एक नवलच म्हटलें पाहिजे. गेल्या कांहीं वर्षांत आमच्या सुशिक्षित मध्यम वर्गांत कॉफीचा शौक वाढला आहे, आणि त्याबद्दल आमची बिलकुल तक्रार नाहीं. तक्रार आहे ती त्या शौकानें धरलेल्या वाटेबद्दल. स्वयंपाकघराच्या ओट्यावर नळ्या-बटणांनीं सजलेलें लखलखीत परदेशी यंत्र. त्याच्या शेजारीं सहा महिन्यांपूर्वीं फोडलेला तयार पुडीचा डबा. आणि दिवाणखान्यांत, पाहुण्यांच्या नजरेस पडेल अशा बेतानें ठेवलेलें गुळगुळीत कागदावरचें चित्रमय पुस्तक, असा त्रिवेणी संगम आज अनेक घरांत पाहावयास मिळतो. या संगमांत न्हाऊनहि पेला मात्र बेचव तो बेचवच राहतो.

आमचें म्हणणें थोडक्यांत असें कीं, या मंडळींनीं खरेदीचा क्रमच उलटा लावला आहे. चांगल्या कॉफीसाठीं पैसा आधीं दाण्यावर, मग दळण्यावर, मग तोलण्यावर आणि सर्वांच्या शेवटीं भांड्यावर खर्च झाला पाहिजे. आणि पुस्तक घ्यावयाचें तर असें घ्यावें कीं, जें नीट वाचल्यावर कांहीं दिवसांनीं त्याची गरजच उरूं नये.

कॉफी करणें म्हणजे तत्त्वतः काय, याचा विचार केल्यास हा क्रम आपोआप सिद्ध होतो. भाजलेल्या दाण्यांत पाण्यांत विरघळण्याजोगा भाग वजनानें सुमारें ३० टक्के असतो. पण तो सगळाच पाण्यांत उतरणें इष्ट नसतें. गरम पाणी पुडीला लागतांच प्रथम आंबटसर द्रव्यें उतरतात, मागाहून गोडवा येतो, आणि फार वेळ लोटला किंवा पूड फार बारीक असली म्हणजे शेवटीं कडवट व तुरट द्रव्यें ओढलीं जातात. १९५० नंतरच्या दशकांत अमेरिकेंत ई. ई. लॉकहार्ट या रसायनशास्त्रज्ञाच्या अभ्यासांतून असें प्रमाण पुढें आलें कीं, पुडीच्या वजनाच्या सुमारें १८ ते २२ टक्के भाग पाण्यांत उतरला म्हणजे पेला बहुतेकांस रुचकर लागतो. हें प्रमाण साधणें कशावर अवलंबून आहे? दाण्याच्या ताजेपणावर, दळणाच्या जाडीवर, पूड व पाणी यांच्या प्रमाणावर, पाण्याच्या उष्णतेवर आणि वेळेवर. यांपैकीं शेवटच्या दोन गोष्टी यंत्र सांभाळील. पण शिळ्या दाण्याला तें ताजें करूं शकत नाहीं, आणि वाईट दळलेल्या पुडीपुढें तर त्याचाहि नाइलाज होतो.

दळणाच्या बाबतींत मराठी घराला कोणी शिकवावें असें खरोखर नाहीं. भरड, रवाळ, बारीक, पिठूळ, वस्त्रगाळ हे शब्द आमच्या रोजच्या वापरांतले आहेत. चकलीची भाजणी बारीक हवी आणि थालीपिठाची किंचित् जाडसर हवी, हें आम्ही गिरणीवाल्याला बजावून सांगतों. अशा घरांत कॉफीचे दाणे चटणीच्या मिक्सरमध्यें घालून फिरविले जावेत, यासारखी विसंगति नाहीं. मिक्सरचें पातें दाणा दळीत नाहीं, तोडतें. त्यामुळें एकाच वाटींत थोडें वस्त्रगाळ पीठ आणि थोडे भरड तुकडे असा माल तयार होतो. पिठांतून कडूपणा उतरून चुकतो तोंवर भरड तुकड्यांच्या पोटांत पाणी धड शिरलेलेंहि नसतें. परिणामीं एकच पेला कडूहि लागतो आणि आंबटहि लागतो. याच्या उलट, दोन दातेरी चकत्यांच्या किंवा शंकूंच्या फटींतून दाणा चिरडून काढणारा ग्राइंडर हा आमच्या जात्याचाच धाकटा भाऊ आहे. त्या फटीचें अंतर कमीजास्त केलें कीं दळणाची जाडी ठरते, आणि ठरली ती बव्हंशीं सारखी राहते. हातानें फिरवावयाचा असा एक चांगला ग्राइंडर, ओट्यावरील त्या यंत्राच्या किंमतीच्या मानानें पाहिलें तर, अल्प खर्चांत येतो. परंतु तो पाहुण्यांच्या डोळ्यांत भरत नाहीं, हा त्याचा अक्षम्य अपराध !

दाण्याचेंहि तेंच. गेल्या वर्षींचा मसाला यंदाच्या आमटींत घालावयास कोणतीहि सुगृहिणी राजी होणार नाहीं. मग कॉफीलाच हा सावत्रपणा कां? भाजल्यानंतर दाण्यांतून कार्बन डायऑक्साइड वायु कित्येक दिवस बाहेर पडत असतो. त्याच्याबरोबर सुगंधहि निघून जातो, आणि हवेंतला प्राणवायु दाण्यांतल्या तेलकट भागाला हळूहळू खवट करतो. दाणा अखंड असतां ही क्रिया मंद चालते. तो दळला कीं त्याचा पृष्ठभाग अनेक पटींनीं वाढतो आणि आठवड्यांचें काम तासांवर येतें. म्हणून वेष्टनावर दाणा भाजल्याची तारीख आहे कीं नाहीं, हा कॉफी घेणाऱ्याचा पहिला प्रश्न असला पाहिजे. दुसरा प्रश्न चिकोरीचा. चिकोरी ही एका झाडाची मुळी. भाजून दळली म्हणजे ती कॉफीसारखी दिसते, पण तिच्यांत कॅफीन मुळींच नसतें. आपल्याकडील अन्नविषयक नियमांप्रमाणें कॉफी-चिकोरीच्या मिश्रणांत कॉफी ५१ टक्क्यांहून कमी असतां कामा नये, आणि दोहोंचें प्रमाण वेष्टनावर छापावें लागतें. म्हणजे पूर्णपणें कायदेशीर पुडींतहि जवळजवळ निम्मी चिकोरी असूं शकते. काढ्याला तिनें येणारा रंग व दाटपणा ज्यांना आवडतो, त्यांच्याशीं आमचें भांडण नाहीं. भांडण आहे तें वेष्टनावरची ती एक ओळ न वाचतां लाखाचें यंत्र घेणाऱ्यांशीं.

जायफळ-वेलदोडा घालून दुधांत उकळलेल्या आमच्या परंपरागत कॉफीला नांवें ठेवण्याची जी नवी टूम निघाली आहे, तिच्यांतहि आम्ही सामील नाहीं. जायफळ ही आमच्या रुचीची खूण आहे. पुडीला स्वतःचा वासच उरलेला नाहीं म्हणून तें किसून घालणें वेगळें, आणि चांगल्या कॉफीला जोड म्हणून चिमूटभर घालणें वेगळें, एवढा विवेक ठेवला म्हणजे झालें.

आतां भांडीं. दक्षिणेंतला फिल्टर घ्या. पितळेचे किंवा पोलादाचे एकावर एक बसणारे दोन डबे, वरच्याच्या तळाला बारीक भोकें, पूड दाबून बसविण्यास एक चकती. एवढ्यावर पिढ्यान् पिढ्यांनीं उत्तम कॉफी प्याली आहे. जर्मनींतील ड्रेस्डेन शहरच्या मेलिटा बेंट्झ या गृहिणीनें १९०८ सालीं कागदी फिल्टरचें पेटंट मिळविलें, तें मुलाच्या वहींतला टीपकागद आणि तळाला भोकें पाडलेलें भांडें एवढ्यावर प्रयोग करून. इटलींत आल्फोन्सो बियालेत्ती यानें १९३३ सालीं चुलीवर ठेवावयाचें अष्टकोनी मोका पॉट काढलें, तेंहि सामान्य घरांतच रूढ झालें. यांतलें कोणतेंहि साधन मध्यम वर्गाच्या आवांक्याबाहेरचें नाहीं, आणि दाणा व दळण नीट असेल तर यांतलें कोणतेंहि दगा देत नाहीं.

एस्प्रेसोची गोष्ट वेगळी, हें आम्हांस मान्य आहे. मिलानच्या आकिल्ले गाज्जा यानें १९३८ सालीं ज्या पद्धतीचें पेटंट घेतलें, तिच्यांतून पुढें उच्च दाबाचा एस्प्रेसो जन्मास आला. आज सुमारें नऊ वातावरणांच्या दाबानें अर्ध्या मिनिटांत पाणी पुडीच्या थरांतून ढकललें जातें. हें काम पितळी फिल्टर करूं शकणार नाहीं. पण याच कारणास्तव एस्प्रेसोइतकी दळणाच्या बारीकसारीक फरकाला भिणारी दुसरी पद्धति नाहीं. पूड किंचित् जाड झाली तर पाणी धो धो वाहून जातें. किंचित् बारीक झाली तर थेंब थेंब रडत येतें. म्हणजे ज्या यंत्राला चांगल्या ग्राइंडरची सर्वांत अधिक गरज, तेंच यंत्र लोक ग्राइंडरवांचून विकत घेतात. कांहीं यंत्रांच्या पोटांतच ग्राइंडर असतो, तेवढ्यापुरता हा आक्षेप सौम्य होतो. पण त्यांत ओतलेला दाणा शिळा असला तर पुन्हा तेंच रडगाणें.

येथें कोणी म्हणेल कीं, घरांतलीं दोघेंहि सकाळीं कामाला जाणारीं. बटण दाबतांच पेला हातीं येत असेल तर तुमच्या पोटांत कां दुखावें? हा आक्षेप उडवून लावण्याजोगा नाहीं, कारण स्वयंपाकघरांतला वेळ आजवर कोणाचा खर्च झाला आहे हें आम्ही जाणतों. परंतु फिल्टर भरून वर गरम पाणी ओतलें कीं त्यापुढें माणसाचें काम उरत नाहीं. स्नान उरकेपर्यंत काढा खालीं उतरलेला असतो. उलट त्या यंत्राच्या नळ्या धुणें, क्षार काढणें आणि बिघडल्यास दुरुस्ती करणाऱ्याची वाट पाहणें, हा वेळ जमेस कोणीच धरीत नाहीं.

दुसरा आक्षेप रसिकांचा : तराजू आणि तापमापक आले कीं रस गेला, आमच्या आज्या का ग्रॅम मोजीत होत्या? मोजीत होत्या. त्यांचें माप वाटीचें, चमच्याचें आणि मुठीचें होतें, आणि पन्नास वर्षांच्या सरावानें तें चोख झालेलें होतें. ज्याच्या हाताला तो सराव नाहीं त्यानें तराजू वापरण्यांत कमीपणा नाहीं. तराजू रुचि ठरवीत नाहीं. काल जमलेली कॉफी कशानें जमली होती, एवढी आठवण तो ठेवतो. ही आठवण नसली म्हणजे चांगला पेला दैवयोगानें येतो आणि दैवयोगानेंच जातो.

शेवटीं पुस्तकें. पुस्तकाची आमची कसोटी एकच आहे. पेला कडू झाला तर काय बदलावें, आंबट झाला तर काय बदलावें, आणि तें कां बदलावें, हें ज्या पुस्तकांत सांगितलेलें नाहीं तें कितीहि देखणें असलें तरी स्वयंपाकघरांत निरुपयोगी समजावें. विल्यम यूकर्स याचा ‘ऑल अबाउट कॉफी’ हा १९२२ चा ग्रंथ व्यापार व इतिहास यांचा मोठा खजिना आहे. तो ज्ञानासाठीं अवश्य वाचावा, पण आजची सकाळची कॉफी त्यावरून करूं नये. हॅरल्ड मगी याचा ‘ऑन फूड अँड कुकिंग’ हा १९८४ सालीं प्रथम निघालेला ग्रंथ सगळ्याच पाकशास्त्राची कारणमीमांसा करतो. त्यांत कॉफीला थोडींच पानें आहेत, पण तीं अनेक सचित्र पोथ्यांना भारी आहेत. जेम्स हॉफमन याचें ‘द वर्ल्ड अ‍ॅटलस ऑफ कॉफी’ हें २०१४ चें पुस्तक चित्रमय असूनहि कसोटीला उतरतें. मात्र आमचे लोक त्यांतले देशोदेशींचे नकाशे पाहतात आणि दळण व पाणी यांवरचीं पानें उलटून पुढें जातात, हा दोष पुस्तकाचा नव्हे.

या इंग्रजी पुस्तकांविषयीं एक सावधगिरीची सूचना मात्र दिली पाहिजे. तीं मुख्यतः दुधावांचून पिणाऱ्यांसाठीं लिहिलेलीं आहेत. लिटरभर पाण्याला सुमारें ६० ग्रॅम पूड हें त्यांचें माप आंधळेपणानें घेऊन वर अर्धा पेला दूध ओतलें, तर हातीं कोमट, पांढुरकें पाणी येईल, आणि दोष बिचाऱ्या दाण्याच्या माथीं बसेल. दुधाच्या कॉफीला पुष्कळ दाट काढा लागतो. ज्याला मापामागचें कारण कळलें तो तें माप बदलील. ज्यानें नुसतें माप पाठ केलें त्याची पोपटपंची दुधाच्या पहिल्या धारेंतच वाहून जाईल. पुढेंमागें कोणी मराठींत या विषयावर लिहावयास बसला तर त्यानें याच जागेपासून आरंभ करावा. भाजणें, दळणें, चाळणें, मुरणें, उतरणें, सगळे शब्द आमच्या स्वयंपाकघरांत तयार आहेत. उसनवारीची गरज नाहीं.

एका पेयासाठीं एवढा वाद कशाला, असें जर कोणास वाटत असेल तर त्यानें जरा नकाशाकडे पाहावें. बाबा बुदन यांनीं सतराव्या शतकांत येमेनमधून सात दाणे आणून चिकमगळूरच्या डोंगरांत लावले, अशी आख्यायिका आहे. आज तेथील बाबाबुदनगिरी, कूर्ग, वायनाड, आणि आंध्रांतील अराकू खोरें येथील कॉफींना २०१९ पासून भौगोलिक निर्देशाचा मान आहे. आमच्या महाराष्ट्राला हे मळे लांबचे नाहींत. असें असून भारतांत पिकणाऱ्या कॉफीचा मोठा भाग परदेशीं जातो, आणि त्याचें एक मोठें गिऱ्हाईक इटली आहे. आमच्या शेजारच्या डोंगरांतला दाणा इटलींत जातो आणि इटलीचें यंत्र आमच्या ओट्यावर येतें. आणि त्या यंत्रांत आम्ही घालतों काय, तर कोणत्या मळ्याची, केव्हां भाजलेली याचा पत्ता नसलेली पूड! ज्या वर्गानें नाटक, गाणें, पुस्तक यांची पारख करण्याचा मक्ता स्वतःकडे घेतला, त्यानें आपल्या जिभेची पारख दुकानदाराच्या स्वाधीन करावी आणि किंमतीच्या आंकड्यालाच चव म्हणावें, याचें आम्हांस वाईट वाटतें. पारख विकत मिळत नाहीं. ती न करण्याची सवड मात्र पैशानें मिळते, आणि आम्ही तीच घेत सुटलों आहों.

म्हणून ज्या वाचकांना यंत्र घेण्याची हुरहुर लागली आहे त्यांना आमचें एवढेंच सांगणें आहे. तें महिनाभर लांबणीवर टाका. भाजल्याची तारीख छापलेले पाव किलो दाणे आणा, एक हातग्राइंडर व एक लहान तराजू घ्या, आणि घरांत माळ्यावर पडलेला फिल्टर असेल तर तो खालीं काढून घांसा. आठ दिवस दाणा तोच, पाणी तेवढेंच, दूध तेवढेंच ठेवून फक्त दळणाची जाडी रोज थोडी बदला, आणि घरांतल्या लहानथोरांना कोणता पेला आवडला तें विचारा. महिना संपल्यावरहि यंत्र हवेंसें वाटलें तर खुशाल घ्या. निदान त्यांत काय घालावयाचें हें तुम्हांला ठाऊक असेल.