दिवसभर बाळ कोणाजवळ असते?

नऊ महिन्यांच्या तपासणीत आपण बालरोगतज्ज्ञ विचारतो, ‘आधाराशिवाय बसतं का? या हातातली वस्तू त्या हातात घेतं का?’ डोंबिवलीची आई क्षणभर बाबाकडे बघते आणि म्हणते, ‘बसतं बहुतेक. रविवारी बसवलं होतं.’ तिला बाळाची काळजी नाही असे मुळीच नाही. सकाळी सातच्या सुमारास ती घर सोडते आणि परतते तेव्हा रात्रीचे आठ वाजून गेलेले असतात, बाळ पेंगुळलेले असते. आपण केसपेपरवर ‘बसते’ असे लिहितो आणि लसीकडे वळतो. ठाणे-कल्याण-डोंबिवली पट्ट्यातल्या विकास-तपासणीतली सर्वांत कच्ची जागा ही आहे: ज्या व्यक्तीला उत्तर ठाऊक असते, ती आपल्यासमोर कधी बसतच नाही.

हिशेब मांडून पाहा. 2017च्या दुरुस्तीने पहिल्या दोन अपत्यांसाठी बाळंतपणाची रजा 26 आठवड्यांची झाली. त्यातले आठ आठवडे प्रसूतीआधी घेता येतात. म्हणजे आई कामावर रुजू होते तेव्हा बाळ चार ते सहा महिन्यांचे असते. त्याच दुरुस्तीने पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघर सक्तीचे केले आणि आईला दिवसातून चार वेळा तिथे जाण्याची मुभा दिली. पण फोर्टातल्या कार्यालयातल्या पाळणाघराचा डोंबिवलीच्या आईला काय उपयोग? तान्ह्या बाळाला कडेवर घेऊन सकाळच्या फास्ट लोकलमध्ये चढायचे आणि सुमारे 48 किलोमीटर न्यायचे, हे त्या वेळचा महिलांचा डबा पाहिलेले कोणीही सुचवणार नाही. म्हणून बाळ घराजवळच राहते. डोंबिवली-कल्याणला सोसायटीतल्या तळमजल्यावर पाळणाघर चालवणाऱ्या काकूंकडे. घोडबंदर रोडच्या टॉवरमध्ये आजीजवळ, मावशींजवळ किंवा कॅमेरे लावलेल्या डे-केअरमध्ये. बसणे, रांगणे, परक्याला बुजणे, बोट दाखवून मागणे, पहिला शब्द हे सगळे त्यानंतरच्या वर्षभरात घडते आणि आठवड्यातले पाच-सहा दिवस ते आईबाबांच्या माघारी घडते. मोबाइलवर डे-केअरचा कॅमेरा दिसत असला, तरी बाळ नीट आहे ना, एवढेच त्यात कळते.

सरकारी जाळ्यातूनही हे बाळ निसटते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात 6 फेब्रुवारी 2013 रोजी पालघरला झाली. पालघर तेव्हा ठाणे जिल्ह्यातच होते. जन्मजात व्यंगे, आजार, कमतरता आणि विकासातला विलंब शोधण्यासाठी या कार्यक्रमाच्या पथकांनी अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी व अनुदानित शाळांत एकदा तपासणी करायची असते. घरगुती पाळणाघर या यादीत येत नाही. त्यामुळे दोन पगारांच्या घरातल्या बाळाची सगळी भिस्त आपल्या ओपीडीतल्या दहा मिनिटांवर राहते.

काकूंना काय दिसते? आठ-दहा मुले एकत्र सांभाळणाऱ्या बाईच्या नजरेत वेगळेपण चटकन भरते, कारण तुलना तिच्यासमोर सतरंजीवरच बसलेली असते. वर्षाच्या मुलाबद्दल ती म्हणेल, ‘हाक मारली तरी बघत नाही, पण कुकरची शिट्टी झाली की मान वळवतो.’ शिट्टी ऐकली म्हणजे कान ठीक, असे आपण धरून चालायचे नसते. मोठा आवाज कळणाऱ्या मुलालाही बोलणे नीट ऐकू येत नसेल. आधी श्रवणचाचणी आणि तिच्या जोडीनेच नजरेला नजर देणे, बोट दाखवणे यांची तपासणी, ही दिशा त्या एका वाक्याने मिळते. दुसरी म्हणेल, ‘बिस्किट उजवीकडून पुढं केलं तरी हा डावाच हात आणतो.’ घरचे याला ‘डावखुरा होणार’ म्हणून कौतुकाने हसतात. वर्षाच्या आत एकच हात वापरणारे बाळ दिसले, तर दुसऱ्या हाताची ताकद आणि ताठरपणा पाहायला हवा, हे आपल्याला ठाऊक आहे. मात्र ही माहिती आपल्यापर्यंत पोचायला हवी.

ती पोचत नाही, याला कारण आहे. ‘तुमचं बाळ जरा वेगळं वाटतं’ असे म्हटले की दुसऱ्या दिवसापासून ते बाळ पलीकडच्या पाळणाघरात जाते. काकूंचे घर याच पैशांवर चालते. त्या गप्प बसतात. कोणी बोललीच, तर ‘डॉक्टर आहेत की बघायला’ असे उत्तर मिळते. आणि डॉक्टर तर आईला विचारत असतात! ही साखळी तोडायची तर विचारण्याची सुरुवात आपल्याकडूनच व्हायला हवी. पालकांच्या देखत ‘काकूंशी बोललो तर चालेल ना?’ असे विचारले की काकूंवरचा चुगलीचा आरोप आपोआप टळतो.

त्यांच्या निरीक्षणाला शिस्त लावण्याचे कामही आपलेच. शेजारच्या बाळाशी तुलना करून नाहक घाबरवणाऱ्याही असतात. जागतिक आरोग्य संघटनेने 2006 साली भारतासह पाच देशांतल्या बाळांवरून हालचालींच्या टप्प्यांचे जे कालावधी दिले, त्यात स्वतंत्र चालण्याचा कालावधी 8.2 ते 17.6 महिने असा पसरलेला आहे, आणि सुमारे 4.3 टक्के बाळे हातागुडघ्यांवर रांगलीच नाहीत. तेव्हा काकूंना ठरावीक महिना सांगू नये, पल्ला सांगावा. दिवस पूर्ण भरण्याआधी जन्मलेल्या बाळाचे वय किती कमी धरायचे, तेही सांगावे. आणि एक नियम मात्र ठासून सांगावा: जे येत होते ते बंद झाले, शब्द गेले, हसणे गेले, तर वय कितीही असो, थांबायचे नाही.

सांगताना वॉकर आणि टीव्हीचा विषय निघणारच. दोन हात, दहा मुले आणि एक हॉल. वॉकर व बडबडगीते ही तिथली सोय असते. दोन वर्षांखालच्या मुलांना पडदा नको, असे भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटना सांगते. पण नुसता नियम ऐकवून काकूंचे दुपारचे दोन तास कसे जाणार? जमिनीवरची सतरंजी, वाट्या-चमचे, झाकणाचे डबे, पालथ्या बाळासमोर आरसा असे पर्याय हातात दिले, तरच तो पाळला जातो.

हा विषय तान्ह्यांपुरताही नाही. शाळा सुटल्यावर मुले याच काकूंकडे येतात. दुसरीतला मुलगा फळ्यावरून उतरवताना अक्षरे गाळतो, हे वही तपासताना त्यांनाच दिसते. दहा-अकरा वर्षांच्या मुलीची पहिली पाळी पाळणाघरातही येते. त्या क्षणी काकू काय बोलतात, हे मुलीच्या आयुष्यभर लक्षात राहणार असते. त्यासाठी त्यांची तयारी कोणी करून घेतली आहे?

पाळणाघर म्हणजे शिक्षणाचीच पहिली पायरी, हा विचार ठाणे जिल्ह्याला नवा नाही. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 साली तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या बोर्डीला काम सुरू केले आणि पुढे कोसबाडच्या विकासवाडीत पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा एकत्र चालवल्या. पाळण्यातल्या बाळाला शिक्षणाच्या साखळीत पहिली जागा देणारी ही मांडणी आदिवासी पाड्यात झाली. शहरात मात्र पाळणाघर म्हणजे मूल ठेवायची जागा, एवढाच अर्थ उरला.

आपल्याला करता येण्याजोग्या गोष्टी साध्या आहेत. केसपेपरवर नाव-वयाखाली ‘दिवसभर कोणाजवळ?’ हा रकाना घालावा. नऊ आणि अठरा महिन्यांच्या तपासणीआधी काकूंकडून तीन ओळी लिहून आणायला सांगाव्या: नवीन काय आले, काय बंद झाले, काय खटकते. शंका असेल तिथे पालकांच्या संमतीने फोन करावा. आणि प्रत्येक शहरातल्या बालरोगतज्ज्ञांनी, थेरपिस्टांनी, बालवाडी-शिक्षिकांनी मिळून परिसरातल्या पाळणाघरचालकांची रविवारची बैठक सुरू करावी. व्याख्यान थोडे, त्यांचे ऐकणे जास्त. ‘एवढा वेळ कुठे आहे?’ हा प्रश्न रास्त आहे. पण ‘तीन महिने वाट पाहू, मग बघू’ असे आपण सहज सांगतो, तेव्हा तो वेळ बाळाच्या वाट्याचा जातो. पाच मिनिटांच्या फोनने त्यातला एक महिना जरी वाचला, तरी उपचार तेवढा आधी सुरू होतो.