हलकं जॅकेट, पण कुणाच्या पिसांचं?



उत्तराखंडातल्या फुलांच्या घाटीत जायचा आपल्यातल्या काही जणींचा बेत आहे. पुलनापासून घांघरियापर्यंत नऊ-दहा किलोमीटर चढायचं, म्हणून सगळ्यांचा प्रश्न एकच, पाठीवरचं सामान हलकं कसं करायचं? दुकानदाराचं उत्तर ठरलेलं असतं, ‘डाऊन’ जॅकेट घ्या. वजन जेमतेम 300-350 ग्रॅम, घडी पाण्याच्या बाटलीएवढी.

हे ‘डाऊन’ म्हणजे बदकांची आणि राजहंसांची आतली मऊ पिसं. बहुतेक वेळा ती मांसासाठी मारलेल्या पक्ष्यांची असतात, काही ठिकाणी जिवंत पक्ष्यांचीही उपटतात. कुणी म्हणेल, मुनिमहाराजांच्या पिच्छीतही मोरपिसं असतातच की! पण ती मोराने आपणहून गाळलेली असतात.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. लेबल वाचून पॉलिएस्टर भरलेलं जॅकेट घ्यावं. तेवढ्याच उबेला ते शे-दोनशे ग्रॅम जड पडतं, हे मान्य. पण तिथे फुलं बहरतात ती जुलै-ऑगस्टमध्ये, भर पावसात. पिसं भिजली की त्यांचे गोळे होतात आणि ऊब जाते. पॉलिएस्टर ओलं झालं तरी बरीच ऊब धरतं, लवकर वाळतं आणि सहसा स्वस्तही असतं.

आता वाढलेले दोनशे ग्रॅम दुसरीकडून वसूल करू. बी.कॉम.चं शिक्षण इथे कामी येतं! स्वयंपाकघरातल्या काट्यावर एकेक वस्तू ठेवा आणि वहीत वजन लिहा. जाड टर्किश टॉवेलऐवजी पातळ पंचा घ्या. जीन्स घरीच राहू द्या, ती जडही असते आणि लवकर वाळतही नाही. खाकरे, मेतकूट-पोहे स्टीलच्या डब्यात न भरता पिशवीत बांधा. कातडी बुटांपेक्षा कापडी ट्रेकिंग शूज हलके असतात आणि आपल्या तत्त्वातही बसतात. रिकामी सॅकसुद्धा तोला, दोन किलोची असेल तर एक किलोच्या आसपासची बघा. घाटीत रात्री मुक्काम करू देत नाहीत आणि घांघरियाच्या लॉजमध्ये रजई मिळते, तेव्हा तंबू आणि स्लीपिंग बॅग दोन्ही वगळा. पाण्याला मात्र हात लावू नका. लिटरला एक किलो भरलं तरी ते हवंच.

‘जास्त झालं तर खेचरावर टाकू’ असंही काही जणी म्हणतात. त्याने वजन कमी होत नाही, फक्त ते मुक्या जनावराच्या पाठीवर जातं. परिग्रहाचं परिमाण आपण व्रतात घेतोच, तेच सॅक भरतानाही घेऊ या. ज्या वस्तूपुढे ‘लागली तर असू दे’ असं लिहावंसं वाटेल, ती आधी बाहेर काढा.

तुमच्या यादीतून काय काय निघालं, ते नक्की कळवा.